पौर्णिमेची सहल आणि घारापुरीची बोट



थंडी पडली, भाताची झोडणी उरकली, की आपल्या पेण-रोह्याच्या वस्त्यावस्त्यांतून सहलीची बोलणी सुरू होतात. महिला मंडळाची भिशी फुटते. कोणी म्हणते कार्ल्याला जाऊ, कोणी म्हणते कुड्याची लेणी जवळ आहेत, एका दिवसात परत येऊ. एवढ्यात कोणाचे तरी लहान पोर म्हणते, "बोटीत बसून जायचं!" पोराच्या तोंडून बोट हा शब्द निघाला की घारापुरी ठरल्यातच जमा. बेट आपल्याच रायगड जिल्ह्यातले, उरण तालुक्यातले. सारे जग ते एलिफंटा म्हणून पाहायला येते आणि आपण पेणचे लोक अजून पाहिले नाही, हे बरे दिसत नाही, असेही कोणी सुशिक्षित तरुण बोलतो.

यंदा मात्र आमच्या वस्तीच्या बैठकीत एक भगिनी उठून उभी राहिली. चार घरची धुणीभांडी करून दोन मुलांना शाळेत धाडणारी ही बाई सहसा बोलत नाही. म्हणाली, "भाऊ, तिकडं बोट बुडाली ना? माझी दोन्ही पोरं घेऊन मी जाऊ का नको, तेवढं सांगा." बैठकीत हशा पिकला. मला हसू आले नाही. प्रश्न सरळ होता आणि "काही होत नाही हो" म्हणून तो उडवून लावण्यासारखा नव्हता. तिला त्या दिवशी मी नीट उत्तर देऊ शकलो नाही, ते आज येथे देतो.

बोट बुडाली हे खरे. १८ डिसेंबर २०२४, बुधवारची दुपार. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. त्या छोट्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि चालकाचा ताबा सुटला. दोन्ही बोटींवरची मिळून १५ माणसे गेली. त्यांत एक सात वर्षांचा मुलगा होता आणि त्याचा मृतदेह सापडायला तीन दिवस लागले. नीलकमलला परवाना होता ८४ प्रवाशांचा. प्रत्यक्षात बोटीवर शंभरावर माणसे होती, आणि वाचलेल्या प्रवाशांनीच सांगितले की बहुतेकांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हते. टक्कर झाली त्यात प्रवाशांचा काय दोष, असे कोणी म्हणेल. टक्करीत नाहीच. पण पाण्यात पडल्यावर कोण तरंगणार आणि कोण नाही, हे टक्कर होण्याच्या आधी, धक्क्यावरच बरेचसे ठरून गेलेले असते.

आपल्या भागाला हे नवे नाही. आजच्या तरुण मुलांना 'रामदास' बोटीचे नाव विचारले तर माहीत नसते, म्हणून सांगतो. १७ जुलै १९४७ ची सकाळ, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसे बुडाली. अलिबाग, पेण, रोहे या बाजूचे चाकरमानी, गिरणी कामगार, भाजीवाले, सणासाठी घरी निघालेली कुटुंबे. आषाढी अमावास्या तोंडावर आली होती. पाऊस, वारा, मोठी लाट आणि घाबरून एका अंगाला सरकलेली गर्दी, एवढ्यावर ती अजस्र बोट कलली. मुंबईत बातमी पोहोचायला दुपार उलटून गेली. रेवसच्या बाजूच्या कोळी बांधवांनी मचव्यांतली मासळी समुद्रात फेकून देऊन माणसे वर ओढली, असे जुनी माणसे सांगतात.

या रामदासची गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. ती एका आजीने सांगितली, आणि ज्या प्रसंगाने सांगितली तो माझ्या फजितीचा प्रसंग आहे. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

२०१२ सालची माघ पौर्णिमा. आमच्या वस्तीची एकतीस माणसे घेऊन मी घारापुरीला गेलो होतो. सहलीचा प्रमुख मीच, कारण हिशेब ठेवणारा कारकून म्हणून अशी कामे माझ्याच गळ्यात पडतात. जाताना सारे सुरळीत झाले. लेणी पाहिली, स्तूपाची टेकडी दुरून पाहिली, डबे खाल्ले. परतीला मोऱ्याच्या लाँचसाठी धक्क्यावर आलो तर ही गर्दी! लाँचवाला ओरडतो आहे, "ओहोटी लागली, चला, चला, मागून बोट लागणार नाही." लाँच आधीच भरलेली. काठावर बसलेल्या माणसांचे पाय बाहेर लोंबत होते. मी आमच्या माणसांना ढकलतच आत चढवू लागलो. संध्याकाळची पेणची एस.टी. चुकली तर दुसऱ्या दिवशी कोणाची कंपनीतली पाळी, कोणाची बिगारी, कोणाच्या घरची धुणीभांडी. एक दिवसाची मजुरी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आमच्यात रोह्याकडची एक आजी होती, वय सत्तरीच्या पुढे. ती धक्क्यावर खाली बसली. म्हणाली, "बाबा, ती बोट जाऊं दे. मी नाय चढायची." मी म्हटले, "आजी, उशीर होतोय, सगळे खोळंबलेत." ती म्हणाली, "खोळंबूं दे. माझा बाप घाईतच गेला." मी चिडलो. चारचौघांत तिला बोललो सुद्धा. पण आजी हलेना. तिला एकटी टाकता येईना. मग आमची सतरा माणसे पुढच्या लाँचने गेली, आणि आजी, मी व बाकीचे तेरा जण मागे राहिलो.

पाऊण तासाने दुसरी लाँच मिळाली, अर्धी रिकामी. पण तोवर मोऱ्याच्या धक्क्याला पाणी उरले नव्हते. गाळात लाँच लागेना, म्हणून दूर पाण्यातच भरतीची वाट पाहत थांबलो. त्या अंधारात आजीने तिच्या बापाची गोष्ट सांगितली. बाप परळच्या गिरणीत. आजी तेव्हा आठ वर्षांची. बाप रामदासने येणार हा निरोप आदल्या आठवड्यात आला होता. बाप आला नाही, प्रेतही आले नाही. तिची आई पुढे कित्येक महिने विचारत फिरली. पण बाप त्याच बोटीत होता की नव्हता, हेच कोणी छातीठोक सांगू शकले नाही, कारण कोणत्याच कागदावर त्याचे नाव नव्हते. "तो कुठं दुसरीकडं निघून गेला, असं पण लोक बोलले," आजी म्हणाली. एवढेच बोलली आणि गप्प झाली.

धक्क्याला लागलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. एस.टी. गेली होती. रात्र उरणच्या स्टँडवर काढली, सकाळी घरी आलो, तेरा माणसांचा खाडा झाला. आणि पुढे गेलेली ती खच्चून भरलेली लाँच? ती व्यवस्थित पोहोचली. आमची सतरा माणसे वेळेत घरी जाऊन जेवून झोपली. पुढे कितीतरी दिवस वस्तीत आम्ही चेष्टेचा विषय होतो, आणि मीही त्या चेष्टेत सामील होत असे. भरलेली बोट शंभरातून नव्याण्णव वेळा सुखरूप पोहोचते, म्हणूनच आपण पुन्हा तिच्यात चढतो. १८ डिसेंबरच्या संध्याकाळी बातम्या पाहताना मला आजी आठवली. तोवर ती राहिली नव्हती, त्यामुळे माफी मागायचे राहून गेले.

तर त्या भगिनीला माझे उत्तर असे, की ताई, जा. मुलांना घेऊन जा. पण माझ्यासारख्या प्रमुखाच्या भरवशावर जाऊ नका, स्वतः पाहून जा. काय पाहायचे ते सांगतो.

पहिली गोष्ट दिवसाची. आपण लोक सहल ठरवतो पौर्णिमेला किंवा रविवारी. बेटावर जायला हे दोन्ही दिवस गैरसोयीचे. रविवारी गर्दी आणि सोमवारी कामाची घाई. सोमवारी तर लेणी बंदच असतात, मग जाऊन उपयोग नाही. शनिवार धरावा. हाताशी एक मोकळा दिवस राहिला की बोट सोडून देण्याची हिंमत आपोआप येते. २०१२ साली माझ्याकडे नेमकी ती नव्हती. पौर्णिमेचे कारण वेगळे आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

आपण पंचांगातले शुभ-अशुभ सोडून दिले ते बरेच केले. पण तिथी ही चंद्राची मोजणी आहे आणि समुद्र चंद्राचे ऐकतो, तेवढ्यापुरती ती कॅलेंडरवर पाहावी. कोळी बांधवांचा जुना हिशेब आहे, आमच्या बी.कॉम.च्या गणितापेक्षा सोपा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. थोडेफार इकडेतिकडे होते, पण मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला हा ठोकताळा चालतो.

आता पौर्णिमेचे पाहा. भरती दुपारी बाराला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाला. त्यातही पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी जितके वर चढते तितकेच खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. मोऱ्याचा धक्का गाळाने भरलेला, रेवसचीही तीच कथा. म्हणून नेमके आपण परतायच्या वेळेला, पौर्णिमेच्या संध्याकाळी, तेथे लाँच लागत नाही. मग शेवटच्या लाँचला झुंबड उडते. त्या दिवशी "ओहोटी लागली" म्हणणारा लाँचवाला खोटे बोलत नव्हता. चूक माझी होती, मी दिवस ठरवताना समुद्राला विचारलेच नव्हते. अमावास्या वाईट म्हणून रामदास बुडाली असे काही जुने लोक अजून म्हणतात. तिथी वाईट नसते. उधाणाचा समुद्र, त्यात जुलैचा पाऊसवारा आणि बोटीवर खच्चून माणसे, हे तिन्ही एका ठिकाणी आले.

पावसाळ्याबद्दल एकच सांगतो. यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र शांत झाला असे कोळी मानत नाहीत. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा आपण मौजेला जाऊ नये.

दुसरी गोष्ट कागदाची. सहलीला निघताना माणसांची यादी करावी. नाव, वय, घरच्या माणसाचा मोबाईल नंबर आणि काही आजार, रोजची गोळी असेल तर ती. तान्हे मूलही यादीत घ्यावे, "ते काय, कडेवरचं आहे" म्हणून गाळू नये. यादीच्या दोन प्रती. एक आपल्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत, दुसरी वस्तीत मागे राहणाऱ्या जबाबदार माणसाकडे. लाँचमध्ये बसल्यावर तिचे नाव आणि सुटण्याची वेळ त्याला फोनवर सांगावी. मोबाईल भिजला की त्यातले नंबर गेले, म्हणून नंबर कागदावरही असू द्यावेत. लहान मुलांच्या खिशात चिठ्ठी ठेवावी. हे काम कारकुनी आहे, पण आजीच्या आईला असा एक कागद मिळाला असता तर तिच्या नवऱ्याच्या नावाने लोक भलतेसलते बोलले नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे बोटीची. चढण्याआधी तांडेलला दोन प्रश्न विचारावेत. माणसे किती घेणार आणि जॅकेट किती आहेत? परवान्याचा आकडा बोटीवर लिहिलेला असायला हवा. तो वाचा आणि डोकी मोजा. विचारायला संकोच वाटतो, आपण गरीब माणसे, तो दहा लोकांत तोडून बोलेल, असे वाटते. बोलू द्या. नीलकमलच्या दुर्घटनेनंतर गेटवेच्या बोटींवर जॅकेट घालणे सक्तीचे झाले. म्हणजे जॅकेट मागणे हा नखरा नाही, तो आपला हक्क आहे आणि देणे हे त्यांचे कर्तव्य आहे. आकड्यापेक्षा माणसे जास्त दिसली तर उतरावे. सगळ्यांनी मिळून उतरावे, म्हणजे एकट्या बाईवर सगळ्यांच्या नजरा येत नाहीत.

जॅकेट पायाखाली किंवा बसायला घेऊ नये, बाकावर मळके पडले आहे म्हणून बाजूला सारू नये. अंगात घालून पुढच्या साऱ्या क्लिपा, पट्टे आवळावेत. नीट बसले की नाही हे तपासायची सोपी रीत म्हणजे दुसऱ्याने खांद्याजवळ धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटी-कानांपर्यंत वर आले तर ढिले आहे. मोठ्याचे जॅकेट लहान मुलाला घातले तर पाण्यात मूल खालून निसटते आणि जॅकेट वर तरंगते. मुलाला मुलाच्याच मापाचे हवे, पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचे मिळाले तर उत्तम. ही मापे बोटीवर बहुधा नसतात. त्याबद्दल शेवटी सांगतो.

माय-भगिनींसाठी दोन शब्द. बोटीच्या सहलीला सहावारी साडी शक्यतो नको. पाण्यात ती पायांना गुंडाळते आणि पोहणाऱ्यालाही हात मारू देत नाही. पंजाबी ड्रेस बरा, ओढणी मागे गाठ मारून. म्हाताऱ्या बायका साडीच नेसणार, त्यांनी कासोटा घातला तर फार चांगले. आपल्या आज्यांना शेतात कासोटा मारून चिखलणी करताना लाज वाटली नाही, तर बोटीत का वाटावी? चढताना-उतरताना बोट आणि धक्का यांच्या फटीत पाय जातो. सर्वात जास्त दुखापती तेथेच होतात. एका वेळी एकाने, हात रिकामे ठेवून चढावे. पिशव्या, डबे, कडेवरची मुले आधी दुसऱ्याच्या हाती द्यावीत. गरोदर बाईने ही उडी टाळावी, लेणी कोठे जात नाहीत.

बसायला उघडी जागा आणि बाहेर पडायची वाट जवळ असेल असे बघावे. खालच्या बंद भागात मुलांना घेऊन बसू नये. एखादे मोठे जहाज दिसले, पाण्याचा फवारा आला, की सारे एका बाजूला धावतात. तसे करू नका, मुलांनाही आधीच सांगून ठेवा. उलटीचा त्रास असणाऱ्याने उपाशी किंवा तेलकट खाऊन बसू नये. कोरडी भाकरी, आल्याचा तुकडा आणि नजर दूर क्षितिजावर, एवढे बहुतेकांना पुरते.

आणि तरीही पाण्यात पडायची वेळ आलीच तर? किनाऱ्याकडे पोहत सुटू नये. खाडीच्या पाण्याची ओढ दिसत नाही आणि चांगला पोहणाराही दमतो. जे तरंगते आहे त्याला धरावे, एकमेकांच्या हातात हात गुंफून घोळक्याने राहावे, मुले मध्ये घ्यावीत. मदत येते. १४ मार्च २०२० रोजी गेटवेहून मांडव्याला येणारी 'अजंठा' बोट मांडव्याजवळ बुडू लागली, तेव्हा जवळच गस्तीवर असलेल्या पोलिसांच्या बोटीने बोटीवरच्या सर्व ८८ जणांना वाचवले. नीलकमलच्या वेळीही गस्तीची आणि बंदराची बोट काही मिनिटांत पोहोचली होती. जॅकेट घालायचे ते या काही मिनिटांसाठी. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे दोन फोन नंबर यादीच्या कागदावर वरच लिहून ठेवा.

बुडालेल्याला वर काढल्यावर आपल्याकडे त्याचे पोट दाबतात, त्याला पालथे करून गरगर फिरवतात, मुलांना पाय धरून उलटे टांगतात. हे बंद झाले पाहिजे. त्याने पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाते आणि वेळ वाया जातो. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उताणा कठीण जागेवर निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने तोंडात फुंका, छाती वर येते का पाहा. मग छातीच्या मधोमध तळहाताने जोरात आणि भरभर दाबा. तीस वेळा दाबणे, दोन वेळा फुंकणे, असे मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला, "बरं वाटतंय" म्हणाला, तरी रुग्णालयात न्यावेच. पाणी फुप्फुसात गेले असेल तर काही तासांनंतरही त्रास उलटतो. आपल्या वस्तीतल्या दोन-चार तरुण-तरुणींनी हे एखाद्या परिचारिका भगिनीकडून प्रत्यक्ष करून शिकून घ्यावे, वाचून हात बसत नाही.

बेटावर पोहोचल्यावर धोका समुद्राचा नाही, उन्हाचा आणि माकडांचा. लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघेदुखीच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी बसत बसत चढावे, लेणी पाहण्याची शर्यत नसते. माकडे हातातली प्लास्टिकची पिशवी हिसकतात, म्हणून खाणे कापडी पिशवीत, तोंड बांधून ठेवावे. मुलांनी त्यांना खायला देऊ नये, चावले तर रेबीजची सुई घ्यायला परत पाणी ओलांडावे लागेल. माणशी दोन लिटर पाणी घरून न्यावे. बेटावरचे लोक पावसाचे पाणी साठवून वर्ष काढतात. त्यांच्या घरात वीज समुद्राखालच्या केबलने २०१८ साली आली, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी, हे आपल्या मुलांना तेथेच उभे करून सांगावे. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तिन्ही वस्त्यांतली माणसे आपल्यासारखीच कष्टकरी. त्यांच्या विहिरीवर पाय धुवायला जाऊ नये. उन्हाने चक्कर, जुलाब झाले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे. मोठे रुग्णालय बेटावर नाही, म्हणून दम्याचा पंप, साखरेची, रक्तदाबाची गोळी सहलीच्या दिवशी विसरायची नाही.

पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, तिला स्तूप टेकडी म्हणतात. आपल्या मंडळींना तेथे जायची ओढ असते, ती साहजिक आहे. पण तिकडे वर्दळ नसते. सकाळीच, गावातला माणूस सोबत घेऊन आणि दहा-बारा जणांच्या गटाने जावे, आणि परतीच्या लाँचची वेळ हातात ठेवून खाली यावे.

हा सारा हिशेब दुसऱ्या बेटांनाही लागू आहे. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीतून जाताना दरवाजाशी होडी हलत असताना पायरीवर उतरावे लागते, तेथे घाई नको. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, आणि पाऊणपटीचा हिशेब न केलेली माणसे भरतीत आत अडकून बसतात. मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयातले विद्यार्थी बुडाले, बेटावर न जाताही. मुलांना सांगावे, की पाणी गुडघ्याच्या वर गेले की खेळ संपला.

आता मुलांच्या जॅकेटचे. बैठकीतल्या त्या भगिनीने माझे सगळे ऐकून घेतल्यावर विचारले, "मग मुलांच्या मापाची जॅकेट आणायची कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हते. महिला मंडळाने ते शोधले. भिशीतून माणशी थोडे थोडे काढून मंडळाने मुलांच्या मापाची सहा जॅकेट घेतली. घेताना वजनाचा आकडा छापलेली आणि शिट्टी लावलेलीच निवडली. ती विहारातल्या कपाटात सतरंज्यांच्या वरच्या खणात ठेवली आहेत. पेण, रोहे, वडखळ, नागोठणे भागातल्या कोणत्याही कुटुंबाला बेटावर जायचे असेल तर ती नेता येतील. भाडे नाही. नाव वहीत लिहावे, मुलाचे वजन सांगावे, आणि परत देताना गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवून आणावीत. उन्हात टाकली तर कापड आणि पट्टे कुजतात. वही माझ्याकडे आहे. संध्याकाळी सात नंतर, रविवार सोडून.